पाहणारे आणि शोधणारे

डाव्या गालाला भूल चढू लागली होती. डॉक्टरांनी पाचेक मिनिटं बाहेर बसायला सांगितलं होतं. वर्षाली प्रतीक्षाखोलीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली आणि शेजारच्या बाईच्या मोबाइलमधून तिला आईचा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, भूल डोक्यात गेली. ओठ सुजून उशीएवढा झालाय असं वाटत होतं आणि बोटानं चाचपलं तर तो होता तेवढाच होता. अशा वेळी कानानं काही भलतं ऐकलं तर नवल नव्हतं. पण आवाज पुन्हा आला. "कोथिंबीर तुमच्या गावाले असन. इथं सांबार हाय." त्यामागे कुणीतरी जोडलेलं खोटं हसू, मग ढोलकीची एक थाप. बाई खुदकन हसली आणि तिनं तेच पुन्हा लावलं. वर्षालीनं मान वळवली. बोटभर पडद्यावर जाम गावातल्या त्यांच्या हॉटेलातला ओटा होता, स्टीलची परात होती, परातीत चिरलेल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, हिरवा ढीग होता आणि त्यात आईचा हात होता. मधूनच पदर कानामागे सरकवायची तिची सवयही त्यात होती. "ती माझी आई," असं वर्षाली म्हणाली. म्हणजे तसं म्हणायचं तिनं ठरवलं. तोंडातून जे बाहेर पडलं त्यात एकही अक्षर धड नव्हतं आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची धार हनुवटीवर आली. बाईनं घाईनं पर्समधून रुमाल काढून दिला. "फार दुखतंय का हो?" ती म्हणाली, आणि हिचं मन रमावं म्हणून मोबाइल तिच्यापुढे धरला. "हे पाहा, काय भारी आजी आहे. आमच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी टाकतं." वर्षालीनं रुमाल तोंडाशी धरून आपली आई पाहिली, परक्या माणसानं पाहावी तशी, आणि मान हलवली.

आतून बोलावणं आलं. दिव्याच्या पांढऱ्या उजेडाखाली तोंड उघडं टाकून पडल्यावर तिला दाताचं काहीच कळत नव्हतं, फक्त करकर ऐकू येत होती, जणू शेजारच्या घरात कुणी भिंत फोडतंय. आईशी रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं. लाइट गेली होती, थंडी पडली, रुपाच्या माहेरी लग्न निघालं, असं सगळं आई सांगायची. रुपा म्हणजे रोशनची बायको. रोशन हा धाकटा भाऊ, आईबरोबर जामचं हॉटेल बघणारा. हॉटेलात रील करून घरच्या ग्रुपवर तो काही ना काही टाकत असतो हे तिला माहीत होतं, पण त्या ग्रुपचा आवाज तिनं केव्हाच बंद करून ठेवला होता. आईनं हे आपल्याला का सांगितलं नाही, हा प्रश्न करकरीमागून पुन्हा पुन्हा येत होता. त्यात राग नव्हता. आपल्या घराचा दरवाजा आपल्याला न विचारता कुणी रस्त्याकडे उघडून ठेवावा आणि येणारे-जाणारे आत डोकावत असावेत, तशी एक उघड्यावरची हुरहुर होती.

वर्ध्यातल्या आर्वी नाक्याजवळच्या तिच्या दोन खोल्यांकडे ती पायीच निघाली. हवेत थंडी होती, पण ती अर्ध्याच चेहऱ्याला लागत होती. पुण्याहून परत आल्यापासून ती इथेच राहत होती. काम घरूनच होतं. लोक गूगलवर काही टाइप करतात तेव्हा कुणाचं दुकान, कुणाचा दवाखाना वरच्या ओळीत यावा याची मशागत करायची, हे तिचं काम. लोकांना ते समजावून सांगायचा तिनं नाद सोडला होता. तिला स्वतःला मात्र ते मनापासून आवडायचं, आणि त्याचं कारण पगारात नव्हतं. शोधाच्या त्या पांढऱ्या चौकटीसमोर माणूस आव आणत नाही, असं तिला वाटे. शेजाऱ्यापुढे, डॉक्टरपुढे, देवापुढेसुद्धा माणूस जरा सावरून बसतो. तिथे मात्र तो जसा असेल तसा येतो. 'घाम फार येतो काय करू.' 'नवरा बोलत नाही उपाय.' 'वर्ध्यात ब्लाऊज चांगला शिवणारा.' चुकीचं शुद्धलेखन, अर्धी वाक्यं, आणि त्यामागे एक माणूस, ज्याला काहीतरी हवंय. त्याला कुणी पाहत नसतं. तिला माणसं अशी आवडत, न पाहिलेली. गिऱ्हाइकांनी कधी रील करून द्या म्हटलं, इन्स्टाचं बघा म्हटलं, की ती म्हणायची, "ते मी करत नाही," आणि दुसऱ्या कुणाचा नंबर द्यायची. रील करणारे तिला रस्त्याच्या कडेला उभं राहून दुपट्टा हलवणाऱ्यांसारखे वाटत.

दुपट्टा हलवणं तिला ठाऊक होतं. बापूजी, तिचे वडील, हलवायचे. शेती थोरल्या काकांकडे होती, बापूजींनी जामच्या चौकात टिनाच्या शेडखाली चहा-नाश्त्याचं हॉटेल टाकलं होतं, आणि चौकात हॉटेलं तर ओळीनं होती. मग हे लाल दुपट्टा घेऊन डांबराच्या कडेला उभे राहायचे आणि नागपूरकडून येणाऱ्या ट्रकांना हाका मारायचे. "या भाऊ, गरम हाय! या!" आई आतून कधी बाहेर यायची नाही, तिच्या मते ज्याला भूक लागली त्याला वास येतोच. वर्षाली समुद्रपूरच्या शाळेतून एसटीनं परत यायची तेव्हा वळणावरच बापूजी दिसायचे, उन्हात, बारीकसे. एसटीलाही ते दुपट्टा दाखवायचे. आपली लेक आत आहे की नाही हे त्यांना कळायचं नाही, ते सगळ्या एसटीलाच हाक मारायचे. ती आतून हात हलवायची. काचेवर धूळ असायची, त्यांना तो हात दिसत नसे, आणि तरी तिला वाटायचं की हा दुपट्टा माझ्यासाठी आहे. बापूजी गेले. त्यानंतर काही दिवसांनी रस्ता रुंद झाला, चौकावर पूल आला, गाड्या डोक्यावरून सरळ हैदराबादकडे जाऊ लागल्या आणि शेड पुलाच्या सावलीत पडलं. आई फोनवर म्हणाली होती, "सावली बरी झाली वं, उन्हाळ्यात." गिऱ्हाइकाचं ती काही बोलली नव्हती.

घरी आल्यावर वर्षालीनं कुलूप उघडलं, पाणी प्यायला गेली तर ते गळ्याऐवजी कुर्त्यावर सांडलं. ती तशीच लॅपटॉपसमोर बसली. 'जाम सांबारवडी' असं तिनं लिहिलं, आईच्या कोथिंबिरीच्या वडीचं नाव. पहिल्यांदा इडली-सांबार आलं. मग सांबार मसाल्याचं पाकीट. मग शिंगं उगारून उभं असलेलं जंगलातलं सांबर, गंभीर डोळ्यांचं. त्याखाली हायवेवरचं एक मोठं हॉटेल, वातानुकूलित, समोर झुला-घसरगुंडी असलेलं; त्यांनी आपल्या नावापुढे 'व्हायरल सांबारवडी' असं घालून घेतलं होतं. नकाशावरची खूण तिथेच होती. आई कुठेच नव्हती. तिनं 'जाम वाली आजी' असं लिहायला घेतलं तर चौकटीनं पुढचं आपणच पुरवलं: जाम वाली आजी वडी. जाम वाली आजी हॉटेल कुठे आहे. सांबार म्हणजे काय. म्हणजे लोक शोधत होते. रोशनचं रील पाहून हसल्यावर त्यातल्या काहींनी खरोखरच विचारलं होतं, कुठे आहे ही, काय करते ही. आणि त्यांना झुला-घसरगुंडीकडे पाठवलं जात होतं. वर्षालीला आत कुठेतरी कळ आली. दातातली नव्हती, भूल अजून उतरली नव्हती. दुनियेच्या वाटा नीट लावून देणारी ती, आणि तिच्या आईकडे यायची वाट कुणी लावलीच नव्हती. इतकी वर्षं तिला ते सुचलंच नव्हतं, कारण आई ही शोधायची गोष्ट आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आई असतेच. ती कुठे जाते?

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं जामला गेली. पुलाखाली उतरली तेव्हा शेडसमोर मोटरसायकली लागल्या होत्या आणि कॉलेजातली पोरं ओट्याभोवती उभी होती. आई कढईपाशी होती. एका पोरानं मोबाइल उंच धरला आणि म्हणाला, "आजी, ते बोला ना एकदा." आईनं झारा बाजूला ठेवला, पदर कानामागे सरकवला आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हटलं, "कोथिंबीर तुमच्या गावाले असन. इथं सांबार हाय." पोरं ओरडली, हसली. कुणी म्हणालं, "आजी, अजून थोडं रागात." आईनं पुन्हा म्हटलं. वर्षाली खांबाआड थांबली होती. शब्द तेच होते, आवाजही तोच, पण वाक्य आईच्या तोंडाला बाहेरून डकवल्यासारखं दिसत होतं. काल आपल्या गालाला वाटत होतं तसं, हे तिच्या मनात आलं. पोरांनी फोटो काढले, एकदोघांनी चहा घेतला आणि मोटरसायकली निघून गेल्या. परातीतल्या वड्या तशाच होत्या.

"आलीस काय वं?" आई म्हणाली. "गाल पाह्य कसा सुजला. दात काढला काय?"

"नाही, भरला. आई, हे किती दिवस चाललंय?"

"काय?"

"हे. बोलून दाखवणं."

आई कढईखालची आच कमी करत म्हणाली, "पोट्टे येतात, म्हन म्हनतात, म्हनतो आपन. त्यात काय हाय." मग, वर्षालीकडे न पाहता, "पाहाले येतात वं. खाले नाई येत."

तेवढ्यात रोशन समुद्रपूरहून सामान घेऊन आला. बहिणीला पाहून त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग सावध झाला. लहानपणी काही लपवलेलं असलं की तो असाच दिसायचा. "ताई, तू पाह्यलं काय रील? किती लोकाइनं पाह्यलं मालूम हाय? मी ग्रुपवर टाकलं, तू तं साधा अंगठाबी नाई दिला."

"मी दाताच्या दवाखान्यात पाहिलं. परक्या बाईच्या मोबाइलवर."

"मंग? कसं वाटलं?"

त्याला खरंच ऐकायचं होतं. दोन्ही हातांत पिशव्या धरून तो उभा होता आणि त्याच्या केसात हळदीची धूळ होती. त्याच्या बोलण्यातली उन्हातली हाक तिला ओळखू आली. बापूजींचं हे याच्यातच उतरलं होतं, आणि आपल्याला वाटत होतं ते त्यांच्याबरोबर संपलं. चांगलं झालंय, असं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. मग लॅपटॉप उघडून तिनं त्याला ते सांबर दाखवलं, ते मोठं हॉटेल दाखवलं, आणि खाली चौकटीनं पुरवलेली लोकांची वाक्यं दाखवली. रोशन वाचत गेला तसा त्याचा रंग उतरत गेला. "म्हंजे आमच्या रीलवर ते लोक धंदा करून राह्यले?" तो म्हणाला. "आन् तुले हे सारं येत होतं, तं आतापर्यंत काऊन नाई केलं आपल्या हॉटेलाचं?"

वर्षालीनं लॅपटॉप मिटला. आईनं मधेच एक वडी तिच्यापुढे ठेवली. "भांडू नका. खा. उजव्या बाजूनं चाव." वर्षालीनं उजव्या बाजूनं चावली. बेसनाची खुसखुशीत पारी, आतून चिंचगुळाचा हात फिरवलेला, मग सांबाराचा ओलसर गरम वास, खसखस, सुकं खोबरं, आणि सगळ्यात शेवटी लसूण-मिरचीची आच. डोळ्यांत पाणी आलं. जीभ कालपासून मेलेली होती, ती जागी झाली. पुण्यात कुणाकडे तरी तिनं एकदा सहज म्हटलं होतं, सांबारवडी केलीय, आणि सगळ्यांनी भात आणि आमटी येईल म्हणून वाट पाहिली होती. तेव्हापासून ती पुडाची वडी म्हणायला लागली आणि नंतर तर काहीच म्हणेनाशी झाली. आईनं मात्र कुण्या एका गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं होतं, इथं सांबार हाय. "आई, खरंच रागावली होतीस का तेव्हा?" तिनं विचारलं. "व्हय तं," आई म्हणाली. "त्या मानसानं तीनदा मले सुधरवलं. सांबार नाई, कोथिंबीर म्हना. मी माह्या ओट्यावर उभी! आला राग. आता रोज म्हना म्हनतात. आता कुठून आनू राग? वीट आला वं मले त्या बोलन्याचा."

त्या दिवशी ती परत गेली नाही. दुपारी शेडच्या मागे बाजेवर बसून बहीण-भावानं काय काय करायचं ते बोलून काढलं, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हे दोन धंदे नाहीतच. रोशन लोकांना मान वळवायला लावत होता. मान वळलेला माणूस चार पावलं चालून शोधायला लागतो, तिथे ती उभी असायला हवी होती. आणि ती ज्यांना वाट दाखवत होती त्यांना मुळात मान वळवायला कुणीतरी हाक मारणारा लागतो. पहिला घोळ नावाचा होता. हॉटेलाला नावच नव्हतं. पाटीवर उडालेल्या रंगात 'चहा नाश्ता' एवढंच होतं आणि रोशनचं पान होतं 'फुडी किंग जाम' या नावाचं. हे ऐकून वर्षाली इतकी हसली की गाल दुखला. "हस," रोशन म्हणाला, "त्या किंगनंच लोक आनले." पण नाव बदलायला तो तयार झाला. आईला विचारलं तर ती म्हणाली, "नाव काऊन पायजे? लोक शकुबाईकडे चाललो म्हनतात." मग तेच ठेवलं: शकुबाईची पुडाची वडी, जाम. पाटीवर तेच, नकाशावर तेच, रोशनच्या पानावर तेच, वर्षालीनं बनवलेल्या छोट्याशा वेबसाइटवर तेच, अक्षराचा फरक न करता. म्हणजे कुठूनही पाहिलं तरी माणूस आणि गूगल दोघांना कळावं की ही एकच बाई आहे.

मग रोजचं एक काम सुरू झालं आणि त्या हिवाळ्यात वर्षालीला त्याची गोडी लागली. लोक काय विचारतात ते ती चौकटीतून वेचून काढायची आणि रोशनला पाठवायची. सांबार म्हणजे काय. पुडाची वडी फुटते का. वडीबरोबर कढी कशी करतात. रोशन तो प्रश्न आईला विचारायचा, ती काम करत असताना, आणि तिचे हात आणि तिचं उत्तर टिपून घ्यायचा. तोंड नाही, हात. आई कॅमेरा विसरून जायची. "अबे, असा गच्च नको भरू. तिले श्वास घ्याले जागा ठेव," असं ती वडीबद्दल बोलायची. ते रील लोक पाहायचे, त्याखाली वर्षालीनं सांगितलेले साधे शब्द असायचे, लोकांच्या तोंडचे, आणि पाहून झालं की काही जण ते नाव शोधायचे. शोधलं की वेबसाइटवर तेच रील आणि त्याखाली लिहिलेली सगळी कृती सापडायची, आणि त्याखाली वाट: पुलाखालून, समुद्रपूरच्या रस्त्याच्या तोंडाशी. ही कृती लिहायला ती पहिल्यांदा बसली तेव्हा अडली होती. सवयीनं तिनं लिहिलं, 'कोथिंबीर स्वच्छ धुऊन निथळून घ्यावी.' मग ते वाक्य तिला गालासारखं बधिर वाटलं. तिनं पुसलं आणि आईचं ऐकून जसंच्या तसं उतरवलं: 'सांबार धुवाचा, निथळू द्याचा. ओला राह्यला तं पारी फुटते.' टेबलाशी एकटी बसून ती ते मोठ्यानं वाचू लागली. खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत होता, शेजारी कुकरची शिटी झाली, आणि तिच्या स्वतःच्या तोंडात 'द्याचा', 'राह्यला', 'तं' हे शब्द उन्हात शेकल्यासारखे मोकळे होत गेले. पुण्यात पहिल्या वर्षी तिनं ते एकेक करून गिळले होते. खाली तिनं पुस्तकी मराठीतही लिहिलं, कारण कोथिंबीर म्हणून शोधणारेही यायला हवे होते. पण वर आईचंच ठेवलं. आपण इतके दिवस लोकांचे शब्द जमवत आलो, पण आपल्या घरचे त्यात कधी आलेच नाहीत, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचं दुःख होण्याऐवजी तिला चहा करून प्यावासा वाटला.

ते वाक्य म्हणणं आईनं आपणच बंद केलं. कुणी म्हणा म्हटलं की ती हसून वडी पुढे करायची. फोटोवाली पोरं कमी झाली. पाहणाऱ्यांचा आकडा घसरला की रोशनला रात्री जेवण गोड लागत नसे. मग हळूहळू वेगळी माणसं यायला लागली. ती पुलाखाली गाडी थांबवून आधी मोबाइलकडे पाहायची, मग पाटीकडे, मग आईकडे, आणि जरा अवघडून विचारायची, "पुडाची वडी इथंच भेटते ना?" नागपूरचा एक म्हातारा रिकामा डबा घेऊनच आला. हिंगणघाटच्या एका सुनेला सासूसमोर वडी फुटू नये म्हणून हात शिकून जायचा होता. वर्षाली आता आठवड्यातून एकदा तरी जामला जायची, गल्ल्याशी बसायची आणि माणसं ओळखायचा खेळ करायची: हा पाहून आलाय, हा शोधून आलाय. पुढे पुढे तिला ते ओळखता येईना. पाहून आलेला खाऊन पुन्हा शोधत यायचा आणि शोधून आलेला जाताना फोटो काढून चार जणांना पाठवायचा. तिनं तो खेळ सोडून दिला. मोठ्या हॉटेलानं आपल्या नावापुढचे शब्द काढले की तसेच आहेत हे पाहायचंही ती विसरून गेली.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी हैदराबादकडून आलेली गाडी पुलाखाली वळली. चालवणाऱ्या गृहस्थानं उतरून मागचं दार उघडलं आणि एका थकलेल्या बाईला हात दिला. बाईंनी नेसलेलं लुगडं तिकडचं होतं, कपाळ मात्र इकडचं, मोठ्या कुंकवाचं. त्या सावकाश चालत शेडपर्यंत आल्या, बाकावर टेकल्या आणि कुणाला काही विचारायच्या आधी कढईच्या दिशेनं तोंड करून नुसत्या बसून राहिल्या. "माझी आई, देवकाबाई," गृहस्थ म्हणाले. त्यांचं नाव विवेक होतं. त्यांच्या मराठीला तेलुगू हेल होता. "पुलगावची आहे ती. लग्न होऊन हैदराबादला आली. मोबाइलमध्ये बोलून बोलून विचारायची, पुडाची वडी कुठी भेटते. मोबाइलला तिची भाषा कळायची नाही. भलतंच काहीतरी दाखवायचा. ह्या महिन्यात एकदम दाखवलं, जाम. मग ऐकेना. चल म्हणाली."

"रील पाहिलं का तुम्ही आईचं?" रोशननं विचारलं.

"कसलं रील?" विवेक म्हणाले.

वर्षालीनं वडी फोडून बशीत ठेवली, कढीची वाटी बाजूला ठेवली. देवकाबाईंनी घास घेतला. सगळे थांबले होते, आईसुद्धा झारा हातात धरून उभी होती, आणि इतक्या माणसांनी वाखाणल्यानंतरही तिच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव होता. देवकाबाई डोळे मिटून चावत राहिल्या. वर्षालीला वाटलं, आता या रडतील. तिनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "चारोळी नाई घातली काऊन?"

"चारोळी?" आई म्हणाली. "ते बरफीत घालतात बाप्पा."

"आमच्या पुलगावात सारनात घालतात. माह्यी माय घालत होती. पारी चांगली झाली तुयी. पन सारन सुनं लागते."

"सुनं?" आईनं झारा खाली ठेवला. "माह्या सासूनं शिकवली मले हे वडी. ट्रकवाले पंजाबातून येऊन खाऊन गेले."

"त्याइले काय मालूम," देवकाबाई म्हणाल्या. "पंजाबातले ते."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, आवाज न करता, पदर तोंडाशी लावून, आणि वर्षालीनं तिला असं हसताना बापूजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "किती दिवसाचे सारे नुसते मस्त मस्त म्हनून राह्यले," आई म्हणाली. "एक तं आली चूक काढनारी. चाला, या आतमंदी. दाखवा मले. रुपा, चारोळी आन वं, वरच्या फडताळात हाय, दिवाळीची." देवकाबाईंनी लेकाचा हात बाजूला सारला आणि भिंतीला धरून आत गेल्या. विवेक ओशाळून म्हणाले, "तिकडे ती दिवसभर बोलत नाही." त्यांना खुर्ची देऊन रोशननं चहा ठेवला.

आतून दोन म्हाताऱ्यांचे आवाज येऊ लागले. पुलगावच्या मिलचा भोंगा, कुणाची तरी बहीण, सांबार वावरातला बरा की परसातला, पाण्याची चव. एक वाक्य इकडचं, एक तिकडचं, आणि मधे तेलात पडलेल्या वडीचा सूं आवाज. बाहेर बाकावर बहीण-भाऊ एका बशीतून उरलेली वडी खात होते. डोक्यावरून पुलावरच्या गाड्या जात होत्या. त्यांचा घरघराट खांबांतून उतरून बाकात येत होता आणि पायांना गुदगुल्या करत होता. रोशननं खिशातून मोबाइल काढला आणि आत जायला उठला, मग बहिणीकडे पाहिलं.

"घेऊ काय, ताई?"

"घे ना," वर्षाली म्हणाली. "इच्यारून घेजो पन त्याइले."

"आन् खाली काय लिहू?"

चारोळी घालतात की नाही, हे कुणी ना कुणी कुठेतरी शोधत असेलच, हा तिचा पहिला विचार, आणि दुसरा विचार असा की आज नाही लिहिलं तरी चालेल. ऊन पुलाच्या सावलीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं. तिनं पाय लांब करून ते उन्हात टाकले. आत देवकाबाई तिखट मागत होत्या, जरा कमी पडलं म्हणत होत्या. आईच्या मसाल्याच्या डब्याला रुपासुद्धा हात लावत नसे. आत डबा ओट्यावरून सरकल्याचा आवाज आला.

"आपल्या हातानं घ्या," आई म्हणाली. "डबा तुमच्यापाशीच हाय."